पोस्टरातली डावी बाजू

माझ्या ताईचा चेहरा एके काळी या देशातल्या निम्म्या भिंतींवर चिकटवलेला होता आणि तो मी काढला होता. यात मिरवण्यासारखं काही असतं तर मी ते चारचौघांत दहा वेळा सांगितलं असतं. मिरवण्याच्या बाबतीत मी कधी मागे राहिलेलो नाही. पण ही गोष्ट बावन्न वर्षं दाबून ठेवली, यावरून काय ते समजा.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ती चौदाची. वडील मालट्रकवर होते, म्हणजे आले तर आले. तेव्हा मला अंघोळ घालणं, शाळेत पोचवणं, माझ्या उवा काढणं आणि मला बदडणं ही सगळी खाती ताईकडे आली आणि तिनं ती चोख सांभाळली. सतराव्या वर्षी ती मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात लागली. कुणाला वाटेल धुलाईखाना म्हणजे नळ आणि दगड. तसं नव्हतं. पुरुषभर उंचीची चार पातेली होती, त्यांत सोडा घातलेल्या पाण्यात चादरी उकळायच्या. लाकडी दांड्यांनी त्या ढवळायच्या, उपसायच्या, पिळायच्या आणि मग तापलेल्या रोलरमधून काढायच्या. दोघी इकडून चादर आत घालत, दोघी तिकडून ओढून घडी करत. रक्त, पू, औषधं, सगळं तिथे यायचं आणि तिथून पांढरं होऊन जायचं. ताईच्या हातांना नखं होती, पण ती वाढत नसत. सोडा त्यांना वाढूच देत नसे. इतके स्वच्छ हात मी त्यानंतर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचेही पाहिले नाहीत.

पाळी पहाटे चारला सुरू होई. दुपारी एकला ती घरी येई, माझ्यापुढे पाव आणि बटाट्याचं सूप ठेवी, बूट काढी आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून अर्धा तास मेल्यासारखी झोपे. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे. मला चित्रं काढायचा नाद होता आणि हलणारं माणूस मला जमत नसे. ताई त्या अर्ध्या तासात हलत नसे. त्यामुळे माझ्या वह्याच्या वह्या झोपलेल्या ताईनं भरल्या. उठल्यावर ती त्या बघायची आणि हसायची.

"तोंड मिटून काढ की रे, शहाण्या. माशी जाईल ना आत."

"मिटलेलं काढलं तर ते तू नाही वाटणार."

"म्हणजे मी काय दिवसभर जबडा उघडा टाकून फिरते?"

असं आमचं चालायचं. माझी पहिली नोकरीही तिनंच आणली. रुग्णालयातल्या एका डॉक्टरांचे कोट ती स्वतः इस्त्री करून ठेवायची. त्यांची शहरातल्या एका जाहिरातवाल्या साहेबांशी ओळख होती. ताईनं माझी एक वही कोटाबरोबर घडी घालून त्यांना दिली. पंधरा दिवसांनी मी छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, स्टुडिओत, सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो होतो. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि माझे पाय जमिनीवर नव्हते.

त्या स्टुडिओबद्दल थोडं सांगायला हवं. देश तेव्हा नवा होता आणि त्याला चेहरा हवा होता. तो आमच्याकडे एका पत्र्याच्या पेटीत ठेवलेला असे. खरंच सांगतो. साहेबांच्या टेबलामागे एक चपटी पेटी होती, तिच्यात ट्रेसिंग पेपरवर काढलेले चेहरे: एक बाप, एक आई, एक मुलगा, एक मुलगी, एक आजोबा, एक जवान, एक शेतकरी आणि एक कामगार. समोरून, बाजूनं आणि वर बघताना, असे प्रत्येकाचे तीन-तीन. साहेबांनी ते कुणाकडून तरी बाहेरच्या मासिकांतून बघून काढून घेतले होते, वरच्या कुठल्यातरी खात्याकडून पसंत करून आणले होते, आणि त्यानंतर काय वाट्टेल ते विकायचं असो, माणसं त्या पेटीतूनच निघत. साबण विकणारी आई, बिस्किटं विकणारी आई, बचत करा म्हणणारी आई आणि जवानाला निरोप देणारी आई ही एकच बाई होती. आम्ही तिला "मोठ्या घरची" म्हणायचो. तिनं माझ्या हातून शेकडो कप चहा ओतला असेल, एकही विसळला नाही.

शहरात तिच्यासारखी दिसणारी एकही बाई मला भेटलेली नाही. तरीही साबणाच्या कागदावर, बसथांब्यावर, शाळेच्या भिंतीवर हीच बघून बघून आमच्या लोकांना वाटू लागलं होतं की देशाची बाई अशी असते, आपलंच काहीतरी चुकलंय. पेटीतल्या कामगाराची तर आम्ही फार थट्टा करायचो. तो हातोडा घेऊन सूर्याकडे बघायचा. त्याच्या शर्टाला सुरकुती नसे आणि त्याला घाम येत नसे. आमच्यातला अक्षरं काढणारा म्हणायचा, "याला एकदा माझ्या सासऱ्याच्या भट्टीवर पाठवा, म्हणजे सूर्याकडे बघायचं विसरेल."

साहेबांचे नियम पाठ होते. देशाची माणसं उभी असतात, नाहीतर नीट ताठ बसतात. वाकलेलं माणूस काढायचं असेल तर ते पाठमोरं काढायचं आणि लहान काढायचं. उजव्या बाजूची माणसं पायांत बूट घालतात. आकाश जास्त द्यायचं, जमीन कमी.

पण पुष्कळ पोस्टरांना दोन बाजू लागत. दारू सोडा, उधळपट्टी सोडा, अफवा पसरवू नका, घर स्वच्छ ठेवा. उजवीकडे जसं व्हावं ते माणूस, डावीकडे जसं होऊ नये ते. उजवी बाजू पेटीतून पाच मिनिटांत निघे. डाव्या बाजूसाठी मात्र पेटीत काही नव्हतं. दारुडा, आळशी, कळकट, अडाणी यांचे चेहरे पसंत करून आणायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मग ते आणायचे कुठून? स्टुडिओत एक सवय पडून गेली होती. ज्यानं त्यानं आपल्या घरचं माणूस काढायचं. घरचं माणूस हाताशी असतं, तक्रार करत नाही आणि पाठ असतं. आमच्यातले सर्वांत जुने चित्रकार, ज्यांना सगळे मिशीकाका म्हणत, त्यांनी दारूबंदीच्या पोस्टरात स्वतःचा बाप काढला होता. अक्षरवाल्याचा मेहुणा सलग तीन वर्षं अफवा पसरवत होता. आम्ही त्यावर पोट धरून हसायचो. एकच पथ्य होतं. चित्र झालं की शेवटी नाक बदलायचं. बाकी काही बदललं नाही तरी चालतं, नाक बदललं की घरचेसुद्धा ओळखत नाहीत, असं मिशीकाका सांगत.

माझ्या तिसऱ्या वर्षी साबणाची एक कंपनी आणि आरोग्य खातं यांनी मिळून एक मोठं काम दिलं. "स्वच्छ घर, सुदृढ देश." देशभर लागणार, दोन बाजूंचं. साहेबांनी ते मला दिलं. उजवीकडे मोठ्या घरची बसली, हसरा मुलगा, टेबलावर फुलं. मग साहेब माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "आता डावीकडे बाई टाक."

"आई ना, साहेब?"

"आई उजवीकडे झाली. डावीकडे बाई."

मी मान डोलावली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मी घरून जुनी वही आणली आणि खुर्चीत झोपलेली ताई बोर्डावर उतरवली. खुर्चीच्या जागी उंबरा केला. रुमालात बांधलेले केस मोकळे सोडले आणि पिंजारले. पायाशी खरकटं पातेलं ठेवलं, मांडीवर शेंबडं पोर ठेवलं, भोवती सात माश्या काढल्या. साहेबांनी येऊन पाहिलं आणि म्हणाले, "रंग अजून दोन हात गडद कर." मी केला. ज्या बाईनं त्या दिवशीही पहाटेपासून चारशे चादरी उकळल्या असतील, तिच्या गळ्याभोवती मी मळाचा पट्टा काढला आणि तो नीट वठावा म्हणून डोळे बारीक करून मागे सरून बघितला.

मिशीकाका जाता जाता थांबले. बराच वेळ बघत राहिले.

"कोण आहे?"

"शेजारची."

"नाक बदल."

"उद्या बदलतो."

"आत्ता बदल. मी बापाचं बदललं होतं तरी आई महिनाभर बोलली नव्हती माझ्याशी."

मी बदललं नाही. का, ते सांगायलाच हवं, कारण सगळी लाज तिथेच आहे. मी विसरलो नव्हतो. घाई नव्हती. त्या नाकाच्या शेंड्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ उतरली होती, आणि तशी रेघ मी त्याआधी काढली नव्हती आणि त्यानंतर मला कधी जमली नाही. साऱ्या दिवसाचा थकवा त्या रेघेत होता. नाक हललं असतं तर रेघ मोडली असती, आणि चित्र पडलं असतं. मी एका बाजूला ताई ठेवली, एका बाजूला चित्र ठेवलं आणि चित्र उचललं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. पुढच्या महिन्यापासून मला खिडकीजवळचं टेबल मिळालं.

पोस्टर लागलं. बसथांब्यांवर, शाळांवर, बाजारात, पाण्याच्या टाक्यांवर. मी ताईच्या येण्याजाण्याचा रस्ता मनात चालून बघितला आणि त्या रस्त्यावर ते तीन ठिकाणी आहे हे मला माहीत होतं. घरात तिनं विषय काढला नाही. मीही मूग गिळून बसलो. मी स्वतःची समजूत घातली की तिनं पाहिलं नसेल. ती पहाटे अंधारात जाते, दुपारी झोपेच्या गुंगीत येते, भिंती कोण बघतं. माणूस स्वतःला किती सहज फसवू शकतं, याचं मला आजही नवल वाटतं.

तीन महिन्यांनी एकदा मी घराची किल्ली खिशात घालून निघालो होतो, ती द्यायला धुलाईखान्यात गेलो. आरोग्य खात्याचंच पोस्टर, तेव्हा रुग्णालयात ते लागणारच, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दारातून आत पाय टाकला तर समोरच्या भिंतीवर, घड्याळाच्या खाली, बरोबर जिथे हजेरीसाठी सगळ्यांना उभं राहावं लागे तिथे, ते लावलेलं. वाफेनं त्याच्या कडा सुटल्या होत्या. खाली रोलरपाशी ताई उभी होती, डोक्याला पांढरा रुमाल, बाह्या कोपरापर्यंत वर. पलीकडून एक जाडजूड बाई ओरडली,

"ए डावीकडची, लक्ष कुठंय? टोक सुटलं बघ."

"धरलं, धरलं," ताई म्हणाली.

तिनं ज्या सवयीनं ओ दिली, त्यावरून मला कळलं की हे नाव आजचं नाही. कुणी चिडवत नव्हतं. चिडवण्याचे दिवस केव्हाच होऊन गेले होते आणि मागे नुसती हाक उरली होती. मला बघून ताई हात पुसत आली. तिच्या मागे भिंतीवर ती होती आणि माझ्या पुढे ती होती.

"किल्ली," मी म्हणालो.

"बरं झालं आणलीस. जेवलास?"

"हो."

"मग जा. इथे फार गरम आहे."

एवढंच. मला वाटतं त्या वेळी तिनं चार शिव्या दिल्या असत्या, कानाखाली एक ओढली असती, तर माझं आयुष्य फार सोपं झालं असतं. मीही तिथल्या तिथे पाय धरले असते. ती काही बोलली नाही आणि मी तिच्या न बोलण्याच्या आडोशाला बसून राहिलो.

घरी मात्र एक गोष्ट बदलली होती, ती मला त्या दिवसानंतर दिसू लागली. ताई आता खुर्चीत झोपत नव्हती. धुलाईखान्यातूनच ती तोंड धुऊन, केस विंचरून, घट्ट बांधून येई. मी घरात असलो तर बसत नसे. कडेला उभी राहून बटाटे सोली, उभ्यानंच चहा पिई. आधी वाटलं, काम असेल. मग मी एकदा मुद्दाम म्हणालो, "ताई, बस की जरा." ती म्हणाली, "बसून बसून काय करायचंय." माझ्या वहीत त्यानंतर तिचं एकही चित्र नाही.

पुढे तिचं लग्न झालं. आमचे भावोजी बस दुरुस्त करणारे, हसतमुख माणूस. मुलगी झाली. मी महिन्यातून एकदा जायचो. प्रत्येक वेळी ताई दारात उभी, कपडे बदललेले, केस जागच्या जागी. भाची लहानपणी म्हणायची, "मामा आला की आई बसतच नाही." भावोजी हसत. मी पण हसे. एकदा मी न कळवता गेलो तर ताई तापानं फणफणली होती. माझा आवाज ऐकून ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि केस विंचरून बाहेर आली. त्या दिवशी तरी मी बोलायला हवं होतं. मी बस किती उशिरा आली त्याची हकीगत सांगितली.

मला पन्नास वर्षांत ताई थकलेली दिसलेली नाही. एकतीस वर्षं तिनं त्या वाफेत काढली, शेवटची नऊ वर्षं मुकादम होती, नवरा गेला, गुडघे गेले. पण माझ्या देखत ती कधी थकली नाही.

मागल्या वर्षी संग्रहालयातल्या एक बाई माझ्याकडे आल्या. वयानं माझ्या नातीएवढ्या, पण कामात पक्क्या. जुन्या पोस्टरांचं प्रदर्शन भरवायचं होतं आणि त्या स्टुडिओतला मी एकटाच जिवंत होतो. मला कोण आनंद झाला. मी त्यांना पेटीची गोष्ट सांगितली, साहेबांचे नियम सांगितले, कामगाराच्या शर्टाचा विनोद सांगितला. त्या भराभर लिहून घेत होत्या. मग त्यांनी पिशवीतून एक गुंडाळी काढून टेबलावर उलगडली. कडांना पिवळं पडलेलं, पण रंग जसेच्या तसे.

"सर, आमच्याकडे दोनशे पोस्टरं आहेत," त्या म्हणाल्या. "सगळी माणसं एका छापाची. त्यांत ही एकच बाई जिवंत आहे. मी रोज हिच्याकडे बघते. पण मला एक कळत नाही. जो माणूस इतकं बारकाईनं बघू शकतो, त्याला ही बाई घाणेरडी दिसत होती की दमलेली?"

मी चष्मा पुसला.

"कोण होती ही?" त्यांनी विचारलं.

उत्तर द्यायला मला एक शब्द लागला असता. मी म्हणालो, "मोलकरीण होती एक. घरोघरी भांडी घासायची. बसवली होती चित्रासाठी."

"नाव?"

"आता कुठलं आठवायला."

त्यांनी ते लिहून घेतलं. पहिल्यांदा केलं तेव्हा मी चोवीस-पंचविशीतला हावरट पोरगा होतो, निदान अशी सबब होती. आता शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्यानं सख्ख्या बहिणीला परत एकदा डावीकडे बसवलं होतं, आणि ह्या खेपेला चित्राचीसुद्धा सबब नव्हती.

प्रदर्शनाची बातमी पेपरात आली. भाचीचा फोन आला, "मामा, तुझं नाव छापून आलंय. आईला घेऊन येऊ का?" मी म्हणालो, "कशाला तिचे हाल करतेस, तिथे जिने फार आहेत." उद्घाटनाच्या दिवशी मी कोट घालून गेलो तेव्हा दारातच लिफ्ट होती. दोन भाषणं झाली, माझ्या गळ्यात हार पडला, लोक हात मिळवत होते, आणि तेवढ्यात लिफ्टचं दार उघडून भाची आणि काठी टेकत ताई बाहेर आल्या.

ताईनं माझ्याकडे बघून मान हलवली आणि सरळ भिंतीच्या कडेनं चालू लागली. एकेका पोस्टरपुढे थांबत, घाई न करता. मोठ्या घरचीला तिनं सात-आठ ठिकाणी पाहिलं असेल. मी मागे मागे जात होतो, हार काढायचं भान राहिलं नव्हतं. ती त्या पोस्टरपुढे आली. ते दोन पुरुष उंचीचं करून लावलं होतं, वर दिवा सोडला होता. भाचीनं ते पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या जन्माआधीच ते भिंतींवरून उतरलं होतं. तिनं खालची पाटी मोठ्यानं वाचली.

"डावीकडची स्त्री: घरोघरी भांडी घासणारी एक मोलकरीण. नाव उपलब्ध नाही."

वाचून ती वर बघायला लागली. संग्रहालयाच्या बाई तेवढ्यात आमच्यापाशी आल्या होत्या. त्यांनी भाचीकडे पाहिलं, पोस्टरकडे पाहिलं आणि परत भाचीकडे. भाची आता पंचेचाळिशीची आहे. केस जरा सुटलेले, दिवसभर शाळेत शिकवून आलेली, दमलेली. जे नाक मी बदललं नव्हतं ते तिच्या तोंडावर होतं आणि त्याच्याखाली ती रेघही होती. कुणाला काही सांगायची गरज नव्हती.

"मोलकरीण लिहिलंय?" ताईनं विचारलं.

"हो आई."

"चूक आहे ते." ती त्या बाईंकडे वळली. आवाज हजेरी घेताना असायचा तसा, कोरडा. "मी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात होते. एकतीस वर्षं. शेवटची नऊ वर्षं मुकादम. मोलकरणीत वाईट काही नाही, पण मी ते काम केलेलं नाही."

बाईंनी झटकन वही काढली. ताईनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, एकेक शब्द लिहून होईपर्यंत थांबून. मी जवळच उभा होतो. ती एकदाही माझ्याकडे बघत नव्हती, आणि मला तिनं बघावंसं वाटत होतं आणि बघू नये असंही वाटत होतं.

"आणि चित्रकारांची तुमची ओळख कशी झाली?" बाईंनी विचारलं.

भाची माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, तू सांगितलं नाहीस यांना?"

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. रागानं नाही पाहिलं. एखाद्या म्हाताऱ्याची पॅन्ट सुटलेली दिसावी आणि आपण चटकन दुसरीकडे बघावं, तसं. मग त्यांनी खाली बघून वहीत एक शब्द लिहिला. "बहीण." उलटा दिसत होता, पण मला वाचता आला.

"ते नको लिहू," ताई म्हणाली.

"का आजी? हे तर सर्वांत महत्त्वाचं आहे."

"माझं नाव लिही, काम लिही, वर्षं लिही. नातं नको. लोक म्हणतील, भावानं सख्ख्या बहिणीला असं काढलं." तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "आज त्याला हार घातलाय चार माणसांत. आता ह्या वयात त्याची मान कशाला खाली घालायची."

भाचीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, ताईनं तिच्या मनगटावर हात ठेवला. बाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी फार हळू विचारलं, जणू मला वेळ मिळावा म्हणून.

"सर, तुम्ही काय म्हणता? लिहू?"

मला शब्द सापडत नव्हते असं मी म्हणणार नाही. सगळे होते. ही माझी ताई, हिनं मला वाढवलं, ही झोपली होती तेव्हा मी हे चोरून काढलं, घाण सगळी माझ्या पदरची आहे. पन्नास वर्षं मी तेच वाक्य घासून ठेवलं होतं. हॉलमध्ये लोक होते, आरोग्य खात्याचे कुणी मोठे अधिकारी माझ्याशी फोटो काढायला बाजूलाच थांबले होते.

"ताई म्हणते तसंच करा," मी म्हणालो.

बाईंनी वहीतला तो शब्द माझ्या देखत खोडला.